न दिसणाऱ्या ठिणगीचे प्रमाण

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडली, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर क्रँकचा एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरा होतो आणि त्यातला एक अंश सरकायला सुमारे ५६ मायक्रोसेकंद लागतात. सिलिंडरमधले मिश्रण पेट घेऊन जळायला साधारण २ मिलिसेकंद घेते. तेवढ्यात क्रँक ३६ अंश पुढे गेलेला असतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. जळणाचा सर्वांत मोठा दाब पिस्टन शिखरावरून १२ ते १५ अंश खाली उतरत असताना यावा, असा हिशेब असतो. मंद चालीत ठिणगी शिखराच्या ५ ते १० अंश आधी पडते, वेगात हे अंतर ३० अंशांच्या आसपास जाते. या हिशेबात ६-७ अंशांची चूक झाली की गाडी तक्रार करू लागते. तक्रार ऐकू येते, पण चूक दिसत नाही. मग ‘टायमिंग बिघडले आहे’ असे म्हणणारा मेकॅनिक ते कशाच्या आधारावर म्हणतो? तर्कशास्त्राच्या भाषेत, या ज्ञानाचे प्रमाण, म्हणजे ते मिळण्याचे साधन, कोणते?

न्यायदर्शनाने प्रमाणे चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या ग्रंथातून ही चौकट पाठशाळांत आणि पुढे कॉलेजांत शिकवली गेली. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपांसह महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईहून निघाली, आणि भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ त्याआधीच अभ्यासकांच्या हाती होता. उदाहरणे मात्र धूर, डोंगर, घडा आणि शिंपल्यावर भासणारी चांदी यांपलीकडे फारशी गेली नाहीत. कार्यावरून कारण काढणे हाच ज्याचा रोजचा धंदा, त्या गॅरेजकडे शास्त्र्यांची नजर वळली नाही. वळायला हरकत नव्हती, कारण चारही प्रमाणे आणि त्यांचे सगळे दोष तिथे एका दिवसात भेटतात.

उदाहरणाला लासूर स्टेशन घेऊ. हे गंगापूर तालुक्यातले, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे बाजाराचे गाव. बाजार समितीत कांद्याची आवक असते आणि उन्हाळ कांद्याच्या दिवसांत पारा चाळिशीपार जातो. माल वाहणाऱ्या गाड्या बहुतेक डिझेलच्या. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, तिथे प्रश्न इंधन केव्हा फवारले जाते याचा. ठिणगीचा प्रश्न मोटारसायकलींचा, पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या रिक्षांचा आणि व्हॅनचा. याच तालुक्यात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून उभा आहे. या कंपनीने २००३ मध्ये डीटीएस-आय हे तंत्र आणले: एका सिलिंडरला दोन प्लग, आणि ठिणगीचा क्षण ठरवणारी मायक्रोप्रोसेसरची सीडीआय पेटी. अॅक्सिलरेटर किती पिळला आहे हे सांगणारी खूणही त्या पेटीपर्यंत पोचू लागली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि बहुतेक दुचाक्यांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, आले. पेटी असो की ईसीयू, ठिणगीचा क्षण ठरवणे मेकॅनिकच्या हातात राहिले नाही. फिरवायला स्क्रूच नाही.

राजदूत, येझदी, जुन्या चेतक यांच्या काळात तसे नव्हते. सीबी पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, फट फिलर गेजने मोजायची. गेज नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून मॅग्नेट हळूहळू फिरवायचा. कागद सुटला तो ठिणगीचा क्षण. पॉइंटची प्लेट थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवून टायमिंग ‘लावले’ जाई. हे ज्ञान बरेचसे हाताचे होते. पॉइंट झिजत, फट बदलत जाई, आणि बिघाड मुख्यतः झिजेचा असे. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनात झिजणारे पॉइंट नाहीत, त्यामुळे टायमिंग सहसा आपोआप सरकत नाही. सरकले असे वाटत असेल तर चार शक्यता आधी उभ्या राहतात: ज्या खुणेवरून पेटी वेळ मोजते ती खूण सरकली, खूण वाचणारा सेन्सर नीट वाचत नाही, पेटीला दुसऱ्या कुठल्या सेन्सरने चुकीचे सांगितले, किंवा टायमिंग बरोबर आहे आणि लक्षणे दुसऱ्याच रोगाची आहेत. सर्वांत जास्त गाड्या या शेवटच्या गटात निघतात, आणि याच गटाकडे सर्वांत उशिरा पाहिले जाते.

सगळ्यांत भरवशाचे वाटते ते प्रत्यक्ष. टायमिंग लाइट हे त्याचे साधन. प्लगच्या वायरवर चिमटा लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा लखकन पेटतो. त्या उजेडात फिरणाऱ्या चाकावरची खूण जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. मॅग्नेटच्या झाकणावरचे छोटे बूच काढून आत पाहिले की बऱ्याच मोटारसायकलींत ‘टी’ आणि ‘एफ’ अशा दोन खुणा सापडतात: ‘टी’ म्हणजे पिस्टन शिखरावर, ‘एफ’ म्हणजे मंद चालीत ठिणगीची जागा. दिव्याच्या उजेडात ‘एफ’ ठरलेल्या रेघेसमोर आला की टायमिंग बरोबर, असे समजले जाते. ईसीयूच्या गाडीत ही खूण थरथरताना दिसते. इंजिनाची मंद चाल स्थिर राहावी म्हणून ईसीयू ठिणगी सतत थोडी पुढे-मागे करत असते, त्यामुळे ही थरथर हा बिघाड नव्हे. १९९० च्या दशकातल्या काही मोटारींत तपासणीच्या सॉकेटमधली दोन टोके तारेने जोडली की ईसीयू ठरलेल्या अंशावर थांबत असे, आणि मगच दिव्याचे वाचन ग्राह्य धरायचे असे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले असे. हे न वाचता डिस्ट्रिब्युटर फिरवून ठेवलेल्या गाड्या त्या काळात कमी नव्हत्या.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. मोटारसायकलचा मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि वरून नट आवळलेला असतो. मॅग्नेट क्रँकवर नेमक्या कोनात बसावा म्हणून मध्ये अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी चावी असते. मॅग्नेटला धरून ठेवणे हे चावीचे काम नाही. ते निमुळत्या टोकाच्या घट्ट बसण्याचे आणि नटाचे काम. चावी फक्त जागा दाखवते. एखाद्या कामासाठी मॅग्नेट खोलला, परत बसवताना टोक तेलकट राहिले किंवा नट पुरता आवळला गेला नाही, तर धक्क्याने मॅग्नेट थोडासा फिरतो आणि चावी अर्धवट कातरली जाते. टोक १६ मिलिमीटर व्यासाचे असेल तर कडेला १ मिलिमीटर सरकणे म्हणजे सुमारे ७ अंश. गाडी सुरू होते, पण पिकअप मरतो, सायलेन्सर तापतो, कधी फटाके वाजतात. मॅग्नेट उलट्या दिशेला सरकला तर स्टार्टरला मागे धक्का बसतो आणि चढावर खडखड येते.

आता टायमिंग लाइट लावला तर काय दिसेल? ‘एफ’ रेघेसमोर, अगदी बरोबर. कारण ‘टी’ आणि ‘एफ’ या खुणा मॅग्नेटवरच कोरलेल्या आहेत, आणि खूण वाचणाऱ्या पल्सर कॉइलला इशारा देणारा उंचवटाही त्याच मॅग्नेटवर आहे. मॅग्नेट सरकला तेव्हा खूण आणि इशारा दोन्ही एकत्रच सरकले. त्यांचे आपसांतले नाते शाबूत आहे. बिघडले आहे ते पिस्टनशी असलेले नाते, आणि पिस्टन या साक्षीत कुठेच नाही. डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते, पण ते पाहिल्याने टायमिंग पाहिल्यासारखे होत नाही. पाहिले ते इतकेच, की मॅग्नेट स्वतःशी सुसंगत आहे.

तत्त्वज्ञानातला एक जुना वाद इथे उभा राहतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते उपजते तेव्हाच खरे म्हणून उपजते आणि पुढे बाध आला तरच खोटे ठरते. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, ज्ञान झाले म्हणजे ते खरे असे होत नाही. त्याचे खरेपण बाहेरून कळते, दुसऱ्या ज्ञानाशी मेळ बसल्याने किंवा त्यावर आधारलेली कृती सफळ झाल्याने. हे परतःप्रामाण्य. रोजच्या व्यवहारात मीमांसकाचे म्हणणे सोयीचे आहे, कारण प्रत्येक दिसण्याला पुरावा मागत बसले तर दुकान उघडायच्या आत संध्याकाळ होईल. सरकलेल्या मॅग्नेटपुढे मात्र ते हरते. तिथे बाध यायला मार्गच नाही. जोवर साक्ष मॅग्नेटच्या आत घेतली जाते, तोवर ती कायम बिनतक्रार राहील, आणि चूकही कायम राहील. नैयायिकाच्या मतातही इथे एक शब्द ठसठशीत करून वाचावा लागतो: मेळ बसावा तो दुसऱ्या, म्हणजे खरोखर वेगळ्या ज्ञानाशी. एकाच चाकावर बसलेल्या दोन साक्षीदारांचे एकमत हे एकाच साक्षीदाराचे दोनदा बोलणे आहे.

वेगळा साक्षीदार मिळवणे अवघड नाही. प्लग काढायचा, भोकातून बारीक प्लॅस्टिकची नळी पिस्टनच्या माथ्यावर टेकवायची आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा. नळी वर येते, क्षणभर थांबते, खाली जाऊ लागते. ती थांबते तिथे ‘टी’ रेघेसमोर यायला हवा. शिखराच्या आसपास पिस्टन जवळजवळ हलत नाही, म्हणून काटेकोर माणूस शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे नळी सारख्याच उंचीवर असतानाच्या दोन जागा खुणावतो आणि त्यांचा मध्य धरतो. या पद्धतीत वीज नाही, दिवा नाही, मॅग्नेटवरची कोरीव खूणही गृहीत नाही. शिखर पिस्टनकडून कळते, आणि खुणेची परीक्षा त्याच्याशी होते.

यावर शंका अशी: नळीचे प्रमाण कोण तपासणार, आणि त्या तपासणाऱ्याचे कोण? हा प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने नैयायिकांना विचारला होता: प्रमाणांनी प्रमेये, म्हणजे जाणायच्या वस्तू, सिद्ध होत असतील तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? न्यायसूत्रांतले उत्तर तराजूचे आहे. तराजूने सोने तोलतात तेव्हा तो प्रमाण असतो. पण त्याच्याविषयी शंका आली तर ज्ञात वजनाच्या सोन्याने तोच तोलून पाहतात, आणि तेव्हा तो प्रमेय होतो. कांद्याच्या बाजारात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तिथला वजनकाटा रोज माल तोलतो आणि वैधमापन विभागाच्या प्रमाणित वजनांसमोर स्वतः तोलला जातो. ही परीक्षा अनंतापर्यंत नेत नाहीत. शंका उठेल तिथपर्यंत नेतात आणि शंका मिटली की थांबतात. नळीविषयी शंका घ्यायला काही विशेष कारण असेल, भोक तिरपे असेल किंवा नळी वाकत असेल, तर तिचीही परीक्षा करावी. कारण नसेल तर तिथे थांबावे. हे उत्तर नागार्जुनाला पुरले नसते, पण गॅरेजला पुरते, आणि व्यवहाराला याहून वरचे उत्तर आजवर सापडलेले नाही.

प्रत्यक्ष इतके अडखळते म्हटल्यावर भार अनुमानावर येतो. न्यायसूत्रकार गौतमाने अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले त्यांतले शेषवत् हे मेकॅनिकचे अनुमान: कार्यावरून कारण. त्याचे भाष्यातले उदाहरण नदीचे. नदीला पूर आला, त्याअर्थी वर पाऊस झाला. लासूरच्या शिवना नदीला हे चपखल लागू पडते. ती कन्नडकडच्या डोंगरांतून येते, आणि गावात थेंब नसताना पाणी चढले तर लोक डोंगराकडे पाहतात. न्यायसूत्रांनी यावरचा आक्षेपही मांडून ठेवला आहे: पुढे पाणी अडवले तरीही नदी फुगते, मग अनुमान फसले की नाही? उत्तर असे, की नुसते फुगणे हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, नव्हता. पावसाचे पाणी गढूळ असते, वेगाने येते, फेस, पाने, काटक्या वाहून आणते. हे सगळे मिळून जे विशिष्ट फुगणे, ते पावसाचे चिन्ह. ज्याने नुसत्या चढलेल्या पाण्यावरून पाऊस ठरवला त्याची चूक झाली, अनुमानाची नाही.

गॅरेजमधल्या निदानाची बहुतेक फजिती याच जागी होते. ‘गाडी पिकअप घेत नाही, टायमिंग मागे गेलेय’ हे नुसत्या फुगलेल्या नदीवरचे अनुमान आहे. पिकअप जाण्याला एअर फिल्टर चोंदणे पुरते, पेट्रोलचा दाब कमी असणे पुरते, क्लच घसरणे पुरते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबणेही पुरते. खडखडीचे तसेच: ठिणगी फार आधी पडली की ती येते, आणि भेसळीच्या पेट्रोलने, पिस्टनवर साचलेल्या काजळीने, चुकीच्या जातीच्या प्लगने किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यानेही येते. तर्कशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. तो हेत्वाभासांतला, म्हणजे फसव्या हेतूंतला, पहिला, आणि गॅरेजमध्येही पहिलाच. यातून वाट काढायची तर चिन्ह बारीक करावे लागते. पिकअप कोणत्या वेगात जातो? थंड इंजिनाला की तापल्यावर? खडखड मोकळ्या रस्त्यावर येते की फक्त चढाला? ठिणगी सगळ्याच वेगांत सारख्या अंशांनी मागे असेल तर संशय मूळ खुणेवर, म्हणजे मॅग्नेट, चावी किंवा दातेरी चाकावर जातो. मंद चालीत ठीक आणि वेगात बिघाड असेल तर खूण शाबूत आहे. दोष तिच्या वाचनात किंवा पुढच्या हिशेबात आहे. तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने परत सुरू होणारी गाडी बहुधा पल्सर कॉइल किंवा क्रँक सेन्सरची असते, कारण आतली तुटकी तार गरमीने फाकते आणि थंडीत परत टेकते. इथे उष्णता ही तर्कशास्त्रातली उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, झाली. विस्तवाबरोबर धूर येतो तो ओल्या जळणामुळे. ओलेपणा वगळला तर नुसत्या विस्तवावरून धुराचे अनुमान चालत नाही. तसेच सकाळी गार गाडीवर मल्टिमीटर लावून ‘कॉइल चांगली’ म्हणणे चालत नाही. चांगली आहे, पण सकाळी.

‘टायमिंग’ या एका नावाखाली आणखी एक गल्लत होते. ठिणगीचे टायमिंग वेगळे, व्हॉल्व्हचे वेगळे. टायमिंग चेन किंवा पट्टा एक दात सरकला तर बिघडते ते व्हॉल्व्हचे. क्रँकवरच्या चक्रीला २० दाते असतील तर एका दातात १८ क्रँक-अंश जातात. अशा इंजिनाचे कॉम्प्रेशन घटलेले मिळते आणि ते ठिणगीला हात न लावता कळते. कॉम्प्रेशन न मोजता ठिणगीमागे लागणे म्हणजे घरात चोर शिरला असताना कुंपण तपासणे.

कारण म्हणजे काय, याची नैयायिकांनी केलेली व्याख्या कडक आहे: जे कार्याच्या आधी असते, नेमाने असते आणि अन्यथासिद्ध नसते, ते कारण. तिसरी अट कुंभाराच्या गाढवासाठी आहे. ज्या मातीचा घडा झाला ती गाढवावरून आली, म्हणजे गाढव घड्याच्या आधी होते. पण ते घड्याचे कारण नव्हे, माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. वाहनधारकाच्या सांगण्यात अशी गाढवे पुष्कळ असतात. बॅटरी बदलली आणि तेव्हापासून गाडी मिसिंग करते. अमुक पंपावर पेट्रोल भरले आणि तेव्हापासून खडखड. सर्व्हिसिंग केले आणि पिकअप गेला. यांतले एखादे खरोखर कारण असेलही, म्हणून ते उडवून लावता येत नाही. दोन तारांची पल्सर कॉइल असलेल्या गाडीची वायरिंग नवी करताना त्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर पेटी उंचवट्याची एक कड सोडून दुसरी कड धरते आणि त्या उंचवट्याच्या रुंदीइतके टायमिंग सरकते. सगळी वायर नवी, सगळे जोड घट्ट, आणि दोष नेमका त्या नव्या कामाचाच. ‘वायरिंग केल्यापासून’ हे वाक्य तिथे गाढव नसते, माती असते. फरक करायचा तो कारणापासून कार्यापर्यंतची वाट दाखवता येते का, यावरून.

ईसीयूने या गुंत्यात एक नवी भर टाकली: कारण आणि कार्य यांची अदलाबदल. नॉक सेन्सर असलेल्या मोटारीत खडखड ऐकू आली की ईसीयू स्वतःहून ठिणगी मागे घेते, इंजिन वाचावे म्हणून. मालकाला जाणवतो तो गेलेला पिकअप. स्कॅनरवर टायमिंग मागे दिसते, आणि निदान तयार होते: टायमिंग मागे म्हणून पिकअप नाही. वाक्य खोटे नाही. पण टायमिंग मागे का गेले, तर पेट्रोल वाईट किंवा इंजिन तापलेले म्हणून. म्हणजे जो रोग समजला तो औषध निघाला. औषध काढून घ्यायचा, म्हणजे नॉक सेन्सरची पिन उपटून पाहायचा प्रयोगही लोक करतात. बऱ्याच गाड्यांत सेन्सर नाहीसा झालेला पाहून ईसीयू सावधगिरीने ठिणगी आणखी मागे घेते आणि पी ०३२५ हा कोड टाकून ठेवते.

कोड म्हणजे शब्दप्रमाण. स्कॅनर लावला की गाडी बोलते, आणि बोलणारे यंत्र असल्याने ते खोटे बोलणार नाही असा समज पसरला आहे. नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण असतो तो आप्ताचा, म्हणजे जो विषय जाणतो आणि जाणले तसेच सांगतो त्याचा. ईसीयू दुसरी अट पुरी पाळते. कपट करण्याची तिला सोय नाही. पहिली अट मात्र ती अर्धीच पाळते. तिला इंजिन माहीत नाही, सेन्सरच्या तारांवरची वीज माहीत आहे. पी ०३३५ चा अर्थ क्रँक सेन्सर खराब असा लावतात. त्याचा खरा अर्थ एवढाच, की क्रँक सेन्सरच्या परिपथातून अपेक्षित संकेत आला नाही. सेन्सर, उंदराने कुरतडलेली तार, पाणी गेलेला कनेक्टर, दातेरी चाकापासून वाढलेले अंतर, यांतले काहीही असू शकते. ५८ दात्यांचे चाक (६० पैकी २ मुद्दाम गाळलेले, म्हणजे ईसीयूला फेऱ्याची सुरुवात कळते) एका जागी ठोकर लागून वाकले असेल, तर नवा सेन्सरही तोच कोड देईल.

कोड न येणे हीही एक साक्ष मानली जाते, आणि ती जास्त फसवी आहे. मोटारीत क्रँकचा आणि कॅमचा असे दोन सेन्सर असतात. चेन लांबली की दोघांच्या सांगण्यात तफावत पडते आणि पी ००१६ उमटतो. दोन साक्षीदार वेगवेगळ्या दांड्यांवर बसलेले आहेत म्हणून खोटे पकडले जाते. अनेक एक-सिलिंडर मोटारसायकलींत कॅम सेन्सर नाही. तिथे मॅग्नेट सरकला तर ईसीयूला विरोध करणारे कोणी नाही. चेक इंजिनचा दिवा शांत राहतो आणि हिशेब अचूक, फक्त चुकीच्या शून्यापासून मांडलेला.

शब्दाच्या अधिकाराविषयी मराठीत सर्वांत निर्भीड विचार ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त केला आहे. ‘ज्ञानेश्वरी’ जिथे सांगितली ते नेवासे गंगापूर तालुक्याच्या पलीकडे, गोदावरीपार. ‘अमृतानुभवा’त ते शिवसूत्रांचे आणि गीतेचे एक मत मांडतात, आणि लगेच सांगतात की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले म्हणून ते मान्य करतो असे नाही, त्यांनी म्हटले नसते तरी ते तसेच असते. ज्ञानेश्वरांचा विषय आत्मज्ञान आहे, यंत्र नाही, आणि त्यांना शब्दाच्या पलीकडचा अनुभव अभिप्रेत आहे. स्कॅनरशी त्याची तुलना ताणू नये. तरी एवढे घेता येते, की ज्या परंपरेने वेदाला शब्दप्रमाण म्हणून मान दिला, तिच्यातच वस्तू आणि वस्तूविषयीचा शब्द यांत वस्तू आधी, हे इतक्या स्वच्छपणे म्हटले गेले होते. कोड बोलला नाही तरी चावी कातरलेलीच असते.

उपमानाबद्दल थोडक्यात. ‘गवय गाईसारखा असतो’ असे ऐकलेला माणूस रानात तसे जनावर पाहून ‘हाच तो गवय’ ओळखतो, ते उपमान. उस्तादाने सांगून ठेवलेला आवाज पहिल्यांदा कानावर पडताच पोऱ्या ओळखतो, तेव्हा त्याला हेच ज्ञान झालेले असते. आज ऑसिलोस्कोपवर चांगल्या इंजिनाची क्रँक-कॅमची लाट जपून ठेवतात आणि संशयित इंजिनाची लाट तिच्यासमोर धरतात. गवय ओळखण्यात आणि यात तत्त्वाचा फार फरक नाही. फक्त गाय त्याच मॉडेलची असावी लागते.

अनुमान न मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप मात्र शिल्लक राहतो. तो म्हणेल, जिथे जिथे असे लक्षण तिथे तिथे असे कारण, ही व्याप्ती कळली कशी? सगळी इंजिने कोणी पाहिली? पाहिलेल्या शंभरांवरून न पाहिलेल्या एकशे एकाव्याबद्दल काही ठरत नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला उत्तर दिले, की शंका तिथपर्यंतच टिकते जिथे ती शंकेखोराच्या स्वतःच्या वागण्याशी भिडते. धूर हवा तेव्हा जो निमूटपणे विस्तव पेटवतो, त्याने धूर आणि विस्तव यांच्या नात्यावर शंका घेऊ नये. हे उत्तर मेकॅनिकला आवडावे असे आहे, कारण त्याची कसोटी कृतीचीच: भाग बदलला, ट्रायल मारली, गाडी चालली, निदान खरे.

इथेच नैयायिकांनी आणि मेकॅनिकनी दोघांनीही सावध व्हायला हवे. सफळ कृती ज्ञानाची खूण आहे, पण ती अनेकदा दुसऱ्याच कशाची असते. क्रँक सेन्सर बदलताना कनेक्टर काढून परत बसवला जातो, आणि हिरवट चढलेल्या पिना घासून साफ होतात. दोष पिनांचा होता, श्रेय सेन्सरला मिळते. बॅटरीची तार काढली की बऱ्याच ईसीयू शिकून ठेवलेले आकडे विसरतात आणि गाडी चार दिवस नव्यासारखी चालते. मॅग्नेट खोलून बसवताना नट नीट आवळला गेला आणि गाडी सुधारली, तर नव्या सीडीआय पेटीचे पैसे फुकट गेले. या सगळ्यांत अन्वय आहे, म्हणजे भाग घातला आणि दोष गेला. व्यतिरेक नाही. तो मिळवायचा एकच मार्ग: जुना भाग परत बसवून दोष परत येतो का ते पाहायचे. दोष परत आला तर कारण सापडले. नाही आला तर गाडी दुरुस्त झाली आहे आणि कारण अजून अज्ञात आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हंगामात गाडी दारात उभी असताना जुना भाग परत बसवायला कोणाला वेळ नसतो, आणि मजुरीच्या हिशेबात या कामाला जागा नाही. त्यामुळे बहुतेक निदाने अन्वयावर थांबतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नियम म्हणून लागू होतात. वाहनधारकाला किमान एवढे करता येते: बदललेला भाग मागून घ्यावा आणि पैसे देण्याआधी तो परत लावून गाडी एकदा सुरू करून दाखवायला सांगावे. सीडीआय पेटीसाठी हे काम थोड्या वेळाचे असते, आणि पल्सर कॉइल असेल तर ते तापलेल्या इंजिनावरच करावे लागते.